आत्याची शपथ

सदाशिव पेठ, पुणे
१२ जानेवारी २०२५

ती. मालनआत्यास,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि अख्खं फुरसुंगी ऐकतं. बातमी अशी की मी तुला शपथेत घातलंय.

कॉलेजने मला समुपदेशनाच्या इंटर्नशिपसाठी विश्रांतवाडीच्या ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्रात पाठवलंय, हे तुला ठाऊक आहेच. तिथे एक आजोबा आहेत. खरी नावं बाहेर सांगायची नसतात, म्हणून त्यांना बापूराव म्हणते. चहा थंड मिळाला तर चहावाल्याच्या तीन पिढ्यांचा उद्धार करतात, पण माझ्याशी गट्टी. काल मला कोपऱ्यात नेऊन आधी शपथ घ्यायला लावली. आईची घेतली असती तर ती कोलमडली असती, तू दणकट आहेस, म्हणून तुझी घेतली.

मग म्हणाले की डोळ्यांना काचबिंदू झालाय, कडेचं काहीच दिसत नाही, समोरचंही धूसर. डॉक्टरांनी स्कूटर बंद करायला सांगितलंय. घरी कुणाला पत्ता नाही, आणि रोज त्याच स्कूटरवरून नातीला, छोट्या मुक्ताईला, शाळेतून आणतात! सिग्नल कसा कळतो विचारलं, तर म्हणाले, पुण्यात सिग्नल बघून कोण निघतं, मागचा हॉर्न वाजवायला लागला की निघायचं.

कुणाच्या जिवाला धोका असेल तर गुपित राखता येत नाही, हे समोरच्याला आधीच सांगायचं असतं. परीक्षेत मी त्यावर दोन पानं लिहिली होती. ऐन वेळी मात्र शपथ घेऊन मोकळी झाले. आता सांगितलं तर त्यांचा विश्वास जाईल, गप्प राहिले तर ती पोर रोज मागे बसेल. काय करू?

शपथेत घातलं म्हणून माया पातळ करू नकोस.

तुझी,
वैष्णवी


फुरसुंगी
१४ जानेवारी

चि. वैष्णवीस,
अ. उ. आ. आणि एक चापट.

पोरगी रोज स्कूटरवर बसतेय आणि तू पत्रं कसली लिहीत बसलीस? स्पीकर बंद करायला मला येत नाही, म्हणून हे भाजीच्या टेम्पोवाल्याच्या हाती आजच पाठवतेय.

मला न विचारता माझा जीव पणाला लावलास, शाबास. पण मला सांगितलंस तेव्हाच ती शपथ मोडली. पत्र वाचून मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि शेजारणीशी भांडून आले. माझी काळजी सोड.

त्याच्या मुलाला सांगायचंच. पण म्हाताऱ्याच्या पाठीमागे चुगली केलीस तर माझ्या दारात येऊ नकोस. आधी त्याच्यासमोर बस. लहानपणी ज्याने शपथ घातली त्याच्याकडूनच ‘सुटली’ म्हणवून घ्यायचीस, तसं विचार. नाही म्हणाला तरी त्याच्यादेखत सांग. शिव्या देईल, त्या खा. तुझ्या मॅडमना सोबत घे, एकटी शहाणी होऊ नकोस.

माया आहे तेवढीच आहे, चापटही तेवढीच.

मालनआत्या


सदाशिव पेठ
२२ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि मेथीची जुडी मिळाली. त्याच दिवशी, शाळा सुटायच्या आत, फरहत मॅडमना घेऊन मी बापूरावांसमोर बसले. फरहत मॅडम म्हणजे आमच्या केंद्राच्या प्रमुख. शपथ सोडा म्हटलं, तर म्हणाले, सोडणार नाही, आत्या गेली तर तेराव्याला जेवायला येईन. मग म्हणाले, दिवसभरात माझी वाट बघणारं एकच माणूस आहे, ते शाळेच्या फाटकात उभं असतं. तेवढंही काढून घेतलंस, तर मी नुसता गोळ्या खाणारा म्हातारा.

मला रडू फुटलं. तरी त्यांच्यासमोरच मुलाला फोन लावला.

मुलाने किल्ली काढून घेतली. पण शाळेचं काम आजोबांकडेच राहू द्या, हे फरहत मॅडमनी त्याला पटवलं. शाळा दोन गल्ल्या पलीकडे, मोठा रस्ताही ओलांडायचा नाही. पुणेकर, म्हणून स्कूटरने जात होते! आता दोघं चालत येतात.

माझ्याशी मात्र अबोला. मी रोज दारातून हात करते, हसते. ते ढिम्म. सगळे म्हणतात मी बरोबर वागले. मग इतकं वाईट का वाटतंय?

निदान तू तरी रागावू नकोस.

वैष्णवी


फुरसुंगी
२५ जानेवारी

चि. वैष्णवीस,
अ. उ. आ.

तेराव्याचं आमंत्रण त्याला पक्कं, म्हणावं घाई करू नका.

दारातून हात काय करतेस, निवडणुकीला उभी आहेस का? जवळ जाऊन बस. ओरडला तर ओरडला.

आत्या


सदाशिव पेठ
२९ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आज ते शाळेच्या गल्लीत दिसले, मुक्ताईचा हात धरून चालताना. मी समोरून हसत गेले, अगदी चार पावलांवर. ओळख नाही. मलाही राग आला आणि मी मोठ्याने हाक मारली.

ते दचकले. आवाजाच्या दिशेने वळून म्हणाले, इतके दिवस कुठे उलथली होतीस? काम झालं म्हणून म्हाताऱ्याला विसरलीस होय?

आत्या, चार पावलांवरची मी त्यांना दिसले नव्हते. याच डोळ्यांनी ते त्या पोरीला मागे बसवून स्कूटर चालवत होते. आणि मी दारातून हात करून रुसत होते, तेव्हा ते आत बसून माझी वाट बघत होते.

उद्यापासून शेजारी जाऊन बसणार आहे. तुझा लोभ राहू दे, मला लागतो.

वैष्णवी