हेडफोनचे नवे पॅड

मंगळवार, संध्याकाळ. लक्ष्मीबाई नगर

अविनाशने आज हेडफोनचे पॅड बदलले. जुन्यांचे काळे पापुद्रे त्याच्या कानांना चिकटायचे, आमच्या उशांवर पडायचे, आणि झाडायचे मी. नवे पॅड कानावर घट्ट बसतात, त्यामुळे खालचे सूर बाहेर निसटत नाहीत, असं त्यानेच मला समजावलं. मग फोनमधलं कुठलंसं जुनं रेकॉर्डिंग लावलं आणि डोळे मिटून, एक पॅड माझ्या कानाकडे वळवत म्हणाला, "अरे यार, काय भरदार आवाज आहे! कोण गातंय?"

मी. मीच गातेय त्यात. मंडळाच्या गणपतीत म्हणायचं म्हणून त्याला ऐकवलेलं भजन. तेव्हा याच हेडफोनवर ऐकून "चिरका लागतोय, राहू दे" म्हणाला होता. मी मंडळाला नकार कळवला. नंतर तंबोऱ्याची गवसणी काढलीच नाही. का ऐकलं मी त्याचं? पापुद्रे निघालेल्या त्या पॅडमधून त्याला काय डोंबल ऐकू येणार होतं?

सांगितलं त्याला हे सगळं. त्याने हेडफोन गळ्यात उतरवला. मग म्हणाला, "अच्छा, म्हणजे फरक पॅडचा होता. बघ, नवे मागवले ते बरंच झालं!"

पुन्हा गा, असं म्हणाला नाही. जुने पॅड तेवढे माझ्या हातात दिले, कचऱ्यात टाकायला.