एकट्याचा श्वास

प्रिय मल्हार,

फोनवर तू ‘हो, हो’ म्हणून विषय बदलतोस, म्हणून लिहिते आहे. सावकाश वाच.

बाबा गेल्यापासून कॉयरमधली, त्या गायकवृंदातली त्यांची जागा अजून रिकामी आहे. काल कॉयरच्या फ्राऊ हुबर दारात येऊन म्हणाल्या, कार्यक्रमात तिथे मल्हारच उभा राहणार ना?

कार्यक्रम बाबांच्या लाडक्या कोलरिज-टेलरचा आहे. प्लांटमधून दमून आले तरी या माणसाचं नाव निघालं की ते खुलायचे. आफ्रिकन वडिलांचा, इंग्लंडमध्ये वाढलेला संगीतकार. वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय गायकांनी त्याच्या नावाने कॉयर काढला, त्याला समुद्रापलीकडून बोलावून घेतलं. त्याने त्यांचीच, गुलामगिरीतली गाणी पियानोसाठी बांधली. तिथल्या पुढच्या संगीतकारांना त्यातून धीर आला, आपली गाणीही मोठ्या मैफलीची आहेत असा. तू म्हणायचास, बाबा, लेक्चर संपलं असेल तर जेवू या. ते हसायचे. तो संगीतकार स्टेशनवर कोसळला, तरी तसाच घरी गेला आणि थोड्याच दिवसांत न्यूमोनियाने वारला, हेही त्यांनीच सांगितलं होतं. सदतिसाव्या वर्षी.

लांब ओळ गाताना कॉयरमध्ये सगळे एकदम श्वास घेत नाहीत. शेजारचा गात असताना आपण हळूच घ्यायचा. ओळ तुटत नाही, ऐकणाऱ्याला कळत नाही. बाबांचा श्वास पुरेनासा झाला तेही असंच कुणाला कळलं नाही. शेजारचे सांभाळून घेत होते. घरी भांडी लावताना ते एकटे गायचे, तेव्हा मात्र एक लांब ओळ नेहमी एकाच शब्दावर तुटायची. वय झालं, म्हणायचे.

ते गेल्यावर डॉक्टर म्हणाले, हृदयाचा हा आजार घराण्यात असू शकतो, मुलाला तपासून घ्या. तू म्हणालास, सेमिस्टर संपू दे.

रविवारी तू हायडेलबर्गच्या खोलीत एकट्याने गायलेली बाबांची ओळ पाठवलीस. आवाज हुबेहूब त्यांचा. मी स्वयंपाक सोडून ऐकत बसले. मग पुन्हा लावली. मल्हार, ती तिथेच तुटते. त्याच शब्दावर. मी हृदयाच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ, टेर्मिन, घेतली आहे आणि बुधवारी तिकडे येते आहे. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस. जिनाही उतरू नकोस. खोलीतच बसून राहा.

येतेच आहे,
तुझीच,
आई