सरळ रेषेत ४.६ किलोमीटर

२ जानेवारी
नवी वही, एकच संकल्प. मार्चअखेर घरात ब्रॉडबँड. लेक परदेशात, नातू पाच आठवड्यांचा. हिला नातवाचं तोंड दाखवायचं, तेही हलतंडुलतं, थेट स्क्रीनवर. ही म्हणाली, आधी माझे डोळे दाखवू या, सगळं धुरकट दिसतंय. म्हटलं, चष्मा पूस.

५ जानेवारी
टेलिफोन ऑफिसात फॉर्म भरला. घर एक्स्चेंजपासून पाच किलोमीटरच्या आत हवं, नाहीतर अर्ज नामंजूर. नकाशावर पट्टी ठेवली. सरळ रेषेत ४.६. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, नक्की ना? एकतीस वर्षं जमीन मोजण्यात घालवलेल्या माणसाला अंतर विचारतात! नुसता हसलो.

१९ जानेवारी
लाईनमनचा फोन. या आठवड्यात येतो म्हणाला. डोळ्यांच्या डॉक्टरची शुक्रवारची वेळ रद्द केली. बसने जाऊन यायला अख्खा दिवस जातो, आणि दाराला कुलूप दिसलं की हे लोक जे परत फिरतात ते फिरतातच. ही बरं म्हणाली. समजूतदार आहे.

२८ जानेवारी
आला नाही.

६ फेब्रुवारी
आला नाही. मॉडेम मात्र पोस्टाने आला. टेबल खिडकीपासून भिंतीशी हलवलं, स्वतःच जोडणी केली. पॉवरचा दिवा स्थिर, लाईनचा लुकलुकतो. लुकलुकतो म्हणजे लाईन शोधतोय, असं पुस्तिकेत लिहिलंय. चांगलं लक्षण.
संध्याकाळी ही टेबलावर धडकली. गुडघा फुटला. मॉडेमला काही झालं नाही. जरा बघून चालायला काय होतं?

१७ फेब्रुवारी
नातवाचा फोटो आला. ही बराच वेळ हातात धरून बसली, मग म्हणाली, अगदी आईवर गेलाय. फोटो उलटा धरला होता. आनंदात माणसाला भान राहत नाही.

२३ फेब्रुवारी
चहात मीठ. काही बोललो नाही.
खरं लिहायचं तर बोललो. बरंच बोललो.

३ मार्च
लाईनमन आला! मीटर लावला आणि मान हलवली. म्हणाला, साहेब, अंतर कोणी मोजलं? मी नकाशा पुढे केला. तो म्हणाला, वायर काय पाखरू आहे का सरळ उडत यायला? ती खांबाखांबाने येते. आधी फाटा, मग पूल, मग शाळेला वळसा. सव्वासात किलोमीटर. एवढ्या लांब सिग्नल पोचता पोचता मरतो. नकाशाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. त्याला वाचता येत नसावा.
गयावया केली. म्हणजे, ठणकावून सांगितलं. शेवटी वाटेतले गंजलेले जोड नवे करून देतो म्हणाला, पुढच्या आठवड्यात. डॉक्टरची नवी वेळही नेमकी तेव्हाचीच. पुढे ढकलली. इतके दिवस कळ काढली, आणखी थोड्या दिवसांनी काय बिघडतंय. हिला तसं सांगितलं. ही म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं.

२० मार्च, सकाळी १०.४०
लाईनचा दिवा स्थिर!
१०.४५. अजून स्थिर.
११.१०. स्थिर. लेकीला कळवलं, रविवारी चार वाजता. शेवटी मोजणी कोणाची बरोबर निघाली?

२२ मार्च, रविवार
हिने दोनदा केस विंचरले. खुर्ची कॉम्प्युटरसमोर ठेवली. चारला लेक दिसली. आधी कपाळ, मग हनुवटी, तुकड्यातुकड्यांत, पण दिसली. मांडीवर नातू. तो हसला! मी ओरडलो, अगं बघ, हसतोय! ही पण हसली. खिडकीकडे बघून.
लेकीने विचारलं, बाबा, आई कुठे बघतेय? मी म्हटलं, तिला कॅमेऱ्याची सवय नाही. लेक म्हणाली, आई, माझ्याकडे बघ ना. हिने आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि स्क्रीनच्या वर, भिंतीकडे बघून म्हणाली, बघतेय की, किती गोड आहे.
मग लाईन गेली. चित्र तसंच थिजून राहिलं, नातू हसतच होता. हिने हळूच विचारलं, अजून आहे का हो तो? हो म्हटलं.

२५ मार्च
डॉक्टर. काचबिंदू, दोन्ही डोळ्यांत. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. पुढचा प्रश्न मी विचारला नाही, हिने विचारला. जानेवारीत आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, तेव्हा होती तेवढी टिकवता आली असती.
बसमध्ये ही म्हणाली, त्या लाईनमनला बोल लावू नका, त्याची काय चूक. त्याच्याविरुद्धच्या तक्रारीचा मसुदा माझ्या खिशात होता. घरी येईपर्यंत मला वर बघवलं नाही. लाज वाटली. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

३१ मार्च
मार्चअखेर घरात ब्रॉडबँड. संकल्प पूर्ण.
दुपारी ही भिंतीला हात लावत टेबलापर्यंत आली, मॉडेमवरून बोटं फिरवली आणि विचारलं, दिवा लागलाय ना हो?
लागलाय म्हटलं. अगदी स्थिर.
सकाळपासून बंद आहे.