कोचचा घसा

३ ऑगस्ट

कोचचा कान पुन्हा दुखतोय. तीच बाटली, तेच थेंब. "पोहणाऱ्याचा कान आहे, पाणी जातं." तलावावर कुणाचा कान दुखला की हाच वैद्य आणि हेच औषध! अरे, पण तू दिवसभर काठावर कोरडा उभा राहून शिट्ट्या मारतोस. तुझ्या कानात पाणी जाईल कुठून? विचारलं तर राग येतो.

नवरा माझा, पण सगळे कोच म्हणतात म्हणून मीही कोचच म्हणते.

५ ऑगस्ट

थेंब घालायला त्याची मान वळवली, तर जबड्याखाली गाठ हाताला लागली. गोटीएवढी. त्याला म्हणे दाढी करताना कधीच कळली होती. "गॉगलचा पट्टा काचत असेल." गॉगल गळ्यात बांधतोस का रे?

उद्या डॉक्टर. ओढत नेईन.

१९ ऑगस्ट

कॅन्सर. टॉन्सिलचा. लिहिलं एकदाचं.

तपासायला तुकडा काढला होता, त्याचा निकाल आज होता. शाळेत शेवटचा तास गणिताचा, माझाच. निघायला उशीर झाला. पोचले तेव्हा हा सगळं ऐकून बाहेर बाकावर बसला होता. कान त्यामुळेच दुखत होता. "किरणं देणार आहेत. बरा होतो म्हणाल्या डॉक्टरीणबाई." मग चपलांकडे बघत, "सिगारेटमुळे झालाय. ओढायचो मी. चोरून. बरीच वर्षं."

शेवटच्या बाकावर कुणी च्युइंगम सोडलं तरी मला वास येतो. आणि सोळा वर्षांच्या संसारात हे कळलं नाही?

२१ ऑगस्ट

पहिला नवरा लग्नानंतर दोन वर्षांत अपघातात गेला, तेव्हा वाटलं होतं, संपलं आपलं. मग हा भेटला. तोवर याचं लग्न बहुतेक पाण्याशीच लागलं होतं. आईशी भांडून विधवा बायको केली. सासूबाई निवळायला बेडूक जन्माला यावा लागला. (बेडूक म्हणजे आमचे चिरंजीव, वय वर्षं चौदा. चालायच्या आधी तरंगले.)

असा माणूस माझ्याशी सिगारेटवरून खोटं बोलला. रडू की चिडू? दोन्ही जमतंय मला.

१० सप्टेंबर

किरणं सुरू झाली. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवतात आणि तो टेबलाला घट्ट अडकवतात. पाण्याखाली दोन-दोन मिनिटं श्वास धरणारा माणूस, पण त्या जाळीला घाबरतो. मी दाराबाहेर उभी राहते. राग आहेच, पण उभी राहते.

बातमी तलावावर पोचली. "मुलांना दम भरायचा आणि स्वतः झुरके मारायचे!" तीन पालकांनी मुलं काढली. बेडूक बापाशी बोलत नाही. कोच मात्र हूं की चूं करत नाही.

६ ऑक्टोबर

आवाज गेला. तोंड आलंय, सूपसुद्धा थेंबाथेंबाने उतरतं. शिट्टी फुंकवत नाही म्हणून टाळ्या वाजवतो. तलावावरचेच इशारे. एक टाळी म्हणजे पाणी. दोन म्हणजे सगळ्यांनी बाहेर व्हा.

काल भेटायला आलेली मंडळी उठेचनात, तेव्हा त्याने दोन टाळ्या दिल्या. त्यांना वाटलं, आभार मानतोय. बेडूक फिसकन हसला. बाप-लेकात तेवढंच.

१४ ऑक्टोबर

शाळेत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस आली. फक्त मुलींसाठी. माझ्या वर्गाच्या पालकांना समजावायला नर्सबाई आल्या होत्या. एक आई उठली, "बाराव्या वर्षी असली लस कशाला? आम्ही मुलीवर चांगले संस्कार केलेत."

नर्सबाई म्हणाल्या, "विषाणू संस्कार विचारत नाही, ताई. लग्नानंतर नवऱ्याकडूनही येतो. त्याला ते माहीतही नसतं." छान बोलल्या. मीही मान डोलावली.

नंतर चहा पिताना म्हणाल्या, हाच विषाणू घशालाही कॅन्सर करतो. पुरुषांना जास्त. काही देशांत तर आता बायकांच्या गर्भाशयमुखापेक्षा पुरुषांच्या घशात हा कॅन्सर जास्त सापडतो. तिथे मुलांनाही लस देतात. "मग आपल्याकडे?" तर म्हणाल्या, "जगात अजून गर्भाशयमुखाच्याच कॅन्सरने जास्त जीव जातात. लस पुरवून वापरायची, म्हणून आधी मुली. मुलांना खासगीत मिळते."

आमच्याकडे सिगारेट. चहा संपवून वर्गावर गेले.

२९ ऑक्टोबर

किरणं संपली. डॉक्टरीणबाईंनी घसा बघितला, खूश दिसल्या. "तुमच्यासारखा विषाणूमुळे झालेला कॅन्सर असला की उपचारांना चांगली दाद देतो." मी म्हटलं, "सिगारेटमुळे झालाय ना?" त्यांनी कोचकडे बघितलं. कोच भिंतीवरच्या घशाच्या चित्राकडे बघत होता.

मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. हा विषाणू बहुतेकांना कधी ना कधी लागतो, बहुतेकांचा आपोआप जातो. एखाद्याच्या अंगात वीस-वीस वर्षं गप्प बसतो. कुणाकडून आला ते कुणालाच सांगता येत नाही.

मला येतं! गाडीत एकच विचारलं, "कोण होती?" त्याला बोलता येत नाही, हे किती सोयीचं.

८ नोव्हेंबर

घरात एकाला बोलता येत नाही आणि एकीला बोलायचं नाही. शांतता कशी छान नांदतेय.

२१ नोव्हेंबर

बेडकाला लस द्यायचीच. पंधराच्या आत दोन डोसांत भागतं. जेवताना बोलले. सासूबाई म्हणाल्या, "मुलाला कशाला गं? त्याला सांग, सिगारेटला हात लावू नकोस. झालं."

आता त्या खोट्यापायी माझ्या पोराची लस अडणार? सांगून टाकलं. सिगारेट नाही, विषाणू आहे. नवरा-बायकोतल्यासारख्या संबंधांतून येतो. बेडूक तिथेच होता. ऐकू दे, लस त्यालाच घ्यायचीय.

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "मग याला कुठून लागला?"

"त्यालाच विचारा."

कोचने जोरात दोन टाळ्या वाजवल्या. कुणी उठलं नाही. सासूबाईंनी त्याला विचारलंच नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बराच वेळ.

माझ्याकडे का?

२३ नोव्हेंबर

कोच स्वतः बेडकाला घेऊन गेला आणि पहिला डोस देऊन आणला. मला न सांगता. येताना दोघांच्या हातात आइस्क्रीम. याला थंड गिळता यायला लागलंय. "आई, बाबांनी कधीच सिगारेट ओढली नाही, माहितीये? मी विचारलं, तर मानेनेच नाही म्हणाले." बेडूक सांगत होता. जणू शर्यत जिंकून आलाय.

२ डिसेंबर

आवाज आलाय. घोगरा, पण त्याचाच. मी विचारलं, सिगारेटचं का सांगितलंस?

"विषाणू म्हटलं असतं, तर आईने आधी तुझ्याकडे बघितलं असतं. तुझं पहिलं लग्न... कुणाकडून आला ते डॉक्टरांनाही कळत नाही. पण आईला लगेच कळलं असतं." खाकरला. "त्यापेक्षा सिगारेट बरी."

मी एक टाळी वाजवली. त्याने पाणी आणून दिलं.