खड्यांना चिकटलेली लाल माती

प्रिय कालोयानिस,

माझं पत्र पाहून तुला नवल वाटेल. दोनदा कच्चं लिहून मग हे उतरवलं आहे. तरी कुठे अक्षर चुकलं असेल तर सांभाळून घे. पाद्रीबाबांकडे माझं शिकणं किती झालं, ते तुला ठाऊकच आहे. आता मी खिओसच्या बंदरातल्या वखारीत मस्तकीचा डिंक चाळतो. बाबा माझ्याजवळ राहून जाळी विणतात. भर उन्हाळ्यातही टोपी काढत नाहीत. परवा पाववाली म्हणाली, "काका, टोपीत अंडी उबवताय का?" सगळे हसले, बाबाही हसले. घरी येऊन मात्र जेवले नाहीत. कापलेल्या कानाची जागा ते मलाही दाखवत नाहीत.

बाबांचा कान गेला त्या वर्षी आपल्या गावाची मस्तकी वजनात कमी भरली होती. चोर सापडला नाही तर साऱ्या गावाने दंड भरायचा, हा बेटावर राज्य करणाऱ्या जिनोवाच्या मालकांचा नियम. तुझे वडील गावचे प्रमुख. त्यांनी सगळ्यांना चर्चसमोर गोळा केलं आणि आमच्या घरातून मस्तकीची एक पुडी काढून आणली. "घरजावई माणूस हा, याला गावाची माया कुठून असणार?" असं ते जिनोवाच्या साहेबांना म्हणाले.

आईच्या हुंड्यातल्या मस्तकीच्या झाडांखाली बाबा पांढरी माती इतकी चोपून पसरायचे की आई चिडवायची, "इथंच पान वाढू का तुमचं?" त्या मातीवर गळलेला डिंक स्वच्छ निघायचा. पुडीतल्या डिंकाच्या खड्यांना मात्र लाल माती चिकटली होती. लाल जमीन गावात फक्त तुमची, आणि पांढरी माती वाहून आणायचा तुमच्या घरी पहिल्यापासून कंटाळा. साहेबांना यातलं काही कळत नव्हतं. गावाला कळत होतं. सगळे खाली बघत राहिले. मी तुला कोपराने ढोसलं. तू ते खडे पाहिलेस आणि हळूच म्हणालास, "गप बस रे, उगाच वाढवू नकोस."

गेल्या आठवड्यात बंदराबाहेर एक चोरटी नाव पकडली. खलाशी पाण्यात उड्या टाकून पळाले, मस्तकीचं पोतं माझ्या चाळणीवर आलं. पुन्हा तीच लाल माती. साहेबांनी विचारलं, "कुठला माल रे हा?" मी फक्त गाव सांगितलं. ते म्हणाले, "मग प्रमुखाला विचारू, चोर कोण ते." मी म्हटलं, "ते आता थकलेत, साहेब. त्यांच्या मुलाला विचारा, तो सरळ माणूस आहे." साहेब हसून म्हणाले, "दोस्त दिसतो तुझा." मी हो म्हणालो.

क्रूसाच्या सणाला शिपाई येऊन तुला चर्चसमोर उभं करतील. त्या वेळी बाबांना आधी कुणी काही सांगितलं नव्हतं. तुला मात्र आधी कळावं म्हणून हे लिहिलं. ते पोतं घेऊन मीही येणार आहे. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलंस, तर गावातल्या एकेकाच्या तळहातावर खडे ठेवून साहेबांना मातीची गोष्ट समजावून सांगेन. गप्प राहिलास, तर दंड गावावर बसेल, आणि मग गाव तुमच्या घराचं काय करील ते तुझं तू बघ. उरतं एकच नाव. ते तुझ्या तोंडून, तुझ्या वडिलांच्या तोंडावर, मला ऐकायचं आहे. बाबांना बरोबर आणतोय. त्यांना वाटतंय, आपण सणाला चाललोय.

तुझाच,
थेओलोगोस