दहा मीटरचा पल्ला

३ फेब्रुवारी, मंगळवार

कीबोर्डच्या वायरीत काठी अडकून ही आज पडता पडता वाचली. मी टेबलाखालून वायर ओढून बांधली आणि जाहीर केलं – बिनवायरचा सेट आणतो, कीबोर्ड आणि माऊस दोन्ही.

“कशाला? तुमच्या दोन बोटांना हा पुरे आहे.”

“माझ्यासाठीच आणतोय. बिलं करताना मान दुखते.”

मान वगैरे काही दुखत नाही. निमित्त हवं होतं, मिळालं.

गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून हिचा उजवा हात हट्टी झालाय. काठी धरून चालते, डाव्या हातानं जेवते, सगळं होतं. पण कीबोर्डला हात लावलेला नाही. लग्नाआधी टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायची, नंतर इतकी वर्षं वकीलबाईंचे सगळे कागद घरी बसून हिनंच टाईप केले. मी बिल करायला बसलो की स्वयंपाकघरातून ओरडायची – कोंबडी दाणे टिपायला लागली वाटतं! आता तेही म्हणत नाही. मला तेच टोचतं.

४ फेब्रुवारी, बुधवार

विचार पक्का झाला. कॉम्प्युटरच्या खुर्चीत हिला फार वेळ बसवत नाही. आतल्या खोलीत खिडकीपाशी हातांची खुर्ची आहे, तिथं मांडीवर कीबोर्ड घेऊन बसेल. कॉम्प्युटरचा पडदा दिसणार नाही, पण तो तिला लागतोच कुठे? ती टाईप करताना कागदाकडे बघते. पडद्याकडे मी बघेन. चुकलं की बाहेरून सांगेन.

म्हणजे सिग्नल भिंतीतून आरपार गेला पाहिजे. कळ हलकी हवी, बोट नुसतं टेकवलं तरी उमटलं पाहिजे. पण इतकीही हलकी नको की थरथरत्या बोटानं दोनदा उमटेल. आणि माऊस दोन्ही बाजूंनी सारखा हवा. बाजारात येतात ते बहुतेक उजव्या तळव्याला बेतलेले असतात, अंगठ्याला खोलगट जागा करून. डाव्या हातात तसला माऊस म्हणजे उलटी चप्पल.

शिलाई मशीन दुरुस्त करायला मला कुणी शिकवलं नाही. कॉम्प्युटरही नाही. उघडायचं, बघायचं, समजून घ्यायचं. कीबोर्ड म्हणजे काय मोठंसं?

७ फेब्रुवारी, शनिवार

दुपारभर दुकानात. दुकानवाली बाई चिवट निघाली, आपल्याला अशी माणसं आवडतात. तिनं खोकी उघडून दिली. मी प्रत्येक कीबोर्ड मांडीवर ठेवून बघितला. एक मधोमध वाकायचा – गेला. एकाच्या कळा गुळगुळीत सपाट, बोटाला कड लागत नाही – गेला. मग डोळे मिटून एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे चाचपले. न बघता टाईप करणाऱ्याचं बोट तिथून घर ओळखतं, एवढं हिच्याकडून ऐकून माहीत आहे. एकाचे उंचवटे इतके पुसट की माझ्यासारख्या सुया हाताळणाऱ्यालाही लागेनात.

“काका, कीबोर्ड घेताय की जावई शोधताय?”

“जावई आहे. तो एवढा तपासला नव्हता.”

“म्हणून आता कीबोर्डवर काढताय होय!”

चार्जिंगवाला नको म्हटलं. पुन्हा वायर आलीच. पेन्सिल सेलचा घेतला, दोन कीबोर्डला, एक माऊसला; खोक्यातले सेल कच्चेच असतात, म्हणाली. माऊस दोन्ही बाजूंनी सारखा.

“डावखुरे आहात का?”

“नाही.”

बाईनं पुढे विचारलं नाही. खोक्यावर पल्ला दहा मीटर लिहिलाय. मी म्हटलं, भिंत धरून की सोडून? ती म्हणाली, काका, नाही चालला तर आठवड्याभरात परत आणा, पण सगळ्या वस्तूंसकट.

८ फेब्रुवारी, रविवार

रिसीव्हर म्हणजे सिग्नल पकडणारा शेंगदाण्याएवढा तुकडा. कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला खोचला तर आतल्या खोलीतून दर चार अक्षरांमागे एक गळत होतं. पुढच्या बाजूला खोचला – एकही नाही! ही बाल्कनीत असताना मी खिडकीपाशी बसून टाईप करायचो आणि बाहेर जाऊन बघायचो. सहा खेपा झाल्या. दहा मीटर म्हणजे दहा मीटर, भिंत धरून. निवड माझी आहे.

मग हिला दाखवला. तिनं कीबोर्डकडे बघितलंच नाही. माऊस उचलला, डाव्या हातात फिरवला, खाली ठेवला.

“मान तुमची दुखते, आणि माऊस डाव्या हाताचा?”

मी रिकामं खोकं उगाच सरळ केलं.

“इतकी मशिनं उघडलीत, म्हणून मीही एक वाटले का? उघडायचं, तेल घालायचं, चालू करायचं?”

“अगं, तसं नाही –”

“मग कसं? परत करून या.”

सेल काढून पिशवीत घातले, सगळं खोक्यात जिथल्या तिथं, खोकं आतल्या कपाटात. जुना कीबोर्ड पुन्हा जोडला. आज याहून जास्त लिहवत नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

वकीलबाईंचा फोन. हिचंच बोलणं कानावर पडलं. “नाही हो, माझं ते संपलं. दुसरी कुणी बघा... हो, वाईट वाटतंच. पण संपलं.” मग लेकीचा फोन. ती म्हणे, आई, आता बोललं की आपोआप टाईप होतं. ही म्हणाली, “मी टाईप करायला शिकले होते, बोलायला शिकावं लागलं नाही.”

फोन ठेवून आत गेली. दार लोटून घेतलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

विचित्र प्रकार. दुपारी बिल करत होतो, चहा ठेवायला उठलो. परत येऊन बघतो तर गिऱ्हाइकाच्या नावापुढे ए एस डी एफ जी एफ, ए एस डी एफ जी एफ अशी रांग. कीबोर्डवर कुणी नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा. ए एस डी एफ जी एफ अगदी सरळ येतं, मग बराच वेळ काही नाही, मग एल, एल, के, पुन्हा एल, नुसतंच काहीतरी. जुना कीबोर्ड उघडला. कळा सुट्या केल्या, ब्रशनं झाडल्या, तळाची पट्टी पुसली. जोडला. एकही स्क्रू उरला नाही. दुपारी पुन्हा तेच! पट्टीत कुठेतरी ओल धरली असणार. नाहीतर कॉम्प्युटरमध्ये बाहेरचं काही घुसलंय.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

जेवताना हिला सांगितलं. कॉम्प्युटर बिघडलाय, आपोआप अक्षरं उमटतात.

हिचा घास थांबला. “कुठली?”

मी सांगितली.

“रोज?”

“दुपारी. माझा अंदाज आहे, ऊन आलं की तापून –”

“असेल,” म्हणाली. “कुणाला दाखवू नका. तुमचं तुम्हीच बघा.”

बरं वाटलं. अजून विश्वास आहे म्हणायचा.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी म्हटलं, सेट परत करून येतो, आठवडा झाला. “एवढी काय घाई आहे?” म्हणाली. परत कर म्हणून हिनंच सांगितलं होतं! घेऊन गेलो.

दुकानवालीनं खोकं उघडलं. “काका, सेल कीबोर्डमध्येच ठेवलेत.”

“शक्य नाही. मी स्वतः काढून पिशवीत घातले.”

तिनं झाकण सरकवून दाखवलं. दोन्ही सेल आत. “आणि रिसीव्हर कुठाय?”

रिसीव्हर! पुढच्या बाजूला खोचलेला तसाच राहिला. माझ्या हातून! बाईला तोंड दाखवायला नको म्हणून विषय बदलला, म्हटलं घरी कॉम्प्युटरच बिघडलाय, ए एस डी एफ जी एफ असं आपोआप येतं.

ती हसायला लागली. “काका, तो टायपिंगचा पहिला धडा. आधी डाव्या हाताची बोटं, मग उजव्या हाताची. आमच्याकडून महिनाभर तेवढंच करून घ्यायचे. तुम्ही कधी क्लासला गेला नाहीत का?”

नाही गेलो. डावा हात सरळ येतो. उजवा येत नाही. मी तिथं स्टुलावर बसलो. खोकं मागून घेतलं.

घरी येऊन म्हटलं, दुकान बंद होतं. खोकं होतं तिथं ठेवलं, सेल होते तिथंच राहू दिले. रिसीव्हरला हात लावला नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

हिला म्हटलं, कॉम्प्युटर दुरुस्त झाला, ओलच होती. आता काही येत नाही. “हो का,” म्हणाली.

हिनं दार लोटलं की मी कोरं पान उघडून बसतो. हात मांडीवर. बिलं सकाळी करतो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

उजव्या हाताचं एल आणि के सरळ आलं. जे नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

करंगळीची कळ सारखी चुकते. दर वेळी तिथंच. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी एव्हाना उठून सांगितलं असतं, मनगट जरा उचला. दोनदा खुर्चीतून उठलो आणि दोनदा बसलो. तिला वाटतंय की कीबोर्ड कशालाच जोडलेला नाही, म्हणून बोटं चालतायत. माहीत असतं तर पहिल्याच दिवशी बंद केलं असतं. एवढं मी हिला ओळखतो.

आज जे आलं. स्वच्छ, एकदाच.

२१ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी धडा आलाच नाही. बराच वेळ पान कोरं. मग मराठी अक्षरं यायला लागली. भाषा तिनंच तिथून बदलली असणार, मला ती कशी बदलतात ते अजून पाठ नाही. एकेक अक्षर, थांबत थांबत –

‘वकीलबाईंना सांगा कागद पाठव. सेल संपत आलेत. तेवढं उठा, कोंबडीसारखे बसून राहू नका.’

‘पाठवा’चा काना राहिलाय. तसाच ठेवला.

“किती आणू?” मी बाहेरूनच विचारलं.

आतून आवाज आला नाही. पडद्यावर आलं – ‘दोन.’