पत्ता तोच आहे

डॉक्टर,

आज सकाळी तुमच्या नावाचं रजिस्टर पत्र आलं. पोस्टमननं सायकल पायरीला टेकवली, पाकीट बाकावर ठेवलं आणि म्हणाला, "डॉक्टर जावन आट वर्सां झाली, तरी तेंका सरकारची पत्रां येतत. आमी जिते आसव, पण आमका कोण एक कार्ड घालीत नाय." मी हसलो आणि पोचपावतीवर सही केली. तुमची सही. त्याला ते ठाऊक आहे. पावती खिशात घालताना तो मुद्दाम रस्त्याकडे बघतो. नंतर नऊ पेशंट झाले, त्यातले तीन खोकल्याचे, एक रापणीचं जाळं ओढताना पाय चिरलेला रापणकर. ते उरकून दाराला कडी लावली आणि आता अडीच वाजता पाकीट फोडलं. टेबलावर दोन कागद आहेत. एक त्यांचा, इंग्रजी छापील. दुसरा हा.

तुम्ही असताना हा कागद आला की म्हणायचात, "बघ रे, मी मेलंय काय जितो आसंय ता ईचारतत." मुंबईला डॉक्टरांचं जे सरकारी रजिस्टर आहे त्यात नाव नसेल तर कुणाला औषध देता येत नाही, चाकू लावता येत नाही, दाखल्यावर सही करता येत नाही. आणि नाव असलं तरी मधूनमधून विचारणा होते: पत्ता तोच आहे का, व्यवसाय चालू आहे का. मुदतीत उत्तर गेलं नाही की नाव कमी होतं. तुम्ही ते उत्तर त्याच दिवशी लिहायचात, वळणदार अक्षरात, आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत बसायचात. तुमच्या खुर्चीमागची नोंदणीची फ्रेम अजून तिथंच आहे. 'फिजिशियन अँड सर्जन' ही बाहेरची पाटीही आहे. गळू कापण्यापलीकडे आपल्या टेबलावर कधी काही झालं नाही, तरी 'सर्जन' हा शब्द तुम्ही दर दिवाळीला नव्यानं रंगवून घ्यायचात.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. सातवी पास, कट्टा गावच्या बाजारात पुड्या बांधायचं सोडून आलेला. इंग्रजी अक्षर ओळखत होतो, शब्द नाही. पहिल्या दिवशी तुम्ही मला औषधाच्या बाटलीवर चिकटवायची कागदाची पट्टी कातरायला दिलीत. सहा डोस, सहा खाचा, अंतर सारखं. माझी तिसरी खाच खाली गेली. तुम्ही पट्टी उजेडात धरलीत आणि फाडून टाकलीत. "ह्यो तिसरो डोस कोणाच्या तरी पोराक जावचो आसा. तेका जास्त पडलो तर तू जातलंस काय सांगूक?" त्या दिवशी मी अकरा पट्ट्या कातरल्या. आजही फूटपट्टी लावल्याशिवाय कातरत नाही. आता ग्रेन आणि ड्राम ही जुनी वजनं गेली, ग्रॅम आले, तेही मी कोष्टक करून भिंतीला लावलंय. मग तुम्ही मला तुमचं जुनं सर्जरीचं पुस्तक दिलंत. शेवटची पानं वाळवीनं खाल्लेली. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ते चार वर्षांत वाचून काढलं. माझं शिक्षण किती, याचं खरं उत्तर 'पान सहाशे बारापर्यंत' असं आहे. पण ती सहाशे बारा पानं मला जशी येतात तशी पदवीवाल्यांना येत असतील की नाही, याची मला शंका आहे. हे वाक्य तुम्हांला आवडणार नाही. नसू दे.

मग ती यादी निघाली. पदवी नाही, पण पुष्कळ वर्षं ज्यांनी स्वतः वैद्यकी केली आहे, त्यांची नावं सरकार एका वेगळ्या यादीत घालणार होतं. अर्जाला रजिस्टरातल्या डॉक्टरचा दाखला हवा होता. मी अर्ज दोन प्रतींत भरला, दाखल्याचा मजकूरही लिहून तयार ठेवला. तुम्ही फक्त सही करायची होती. तुम्ही चष्मा पुसलात, मजकूर दोनदा वाचलात, माझा कागद बाजूला सारलात आणि स्वतःच्या हातानं तीन ओळी लिहिल्यात. हा मनुष्य इतकी वर्षं माझ्या दवाखान्यात कंपाउंडर आहे, प्रामाणिक आहे, कामात चोख आहे.

माझे कान तापले. "डॉक्टर, कट्ट्याच्या त्या माणसाक दाखलो मिळालो. दोन वर्सां तो चूर्णां इकता."

"देणाऱ्यान दिल्यान आसतलो."

"तुमी जेवक बसलास काय सुयो कोण मारता? टाके कोण घालता?"

"तूच घालतंस. माज्यापेक्षा बरे घालतंस."

"मगे?"

"मगे काय? तुजी चूक झाली असती तर दोरी माज्या गळ्यात पडली असती, तुज्या न्हय. जेच्या नावार चूक पडता, तेची प्रॅक्टिस. माका खोटा लिवक लावू नको."

एकोणीस दिवस मी तुमच्याशी कामापुरतंच बोललो. दोन एकटे पुरुष एका घरात, पुढे दवाखाना, मागे चूल. स्वयंपाक पाळीनं असायचा आणि रविवार तुमचा. विसाव्या दिवशी रविवार होता. तुम्ही चुलीपुढे उकिडवे बसला आहात, चष्म्यावर वाफ आली आहे, पेज वाढता आहात, बाजूला सुंगटांचं सुकं. माझ्या ताटाकडे बघत तुम्ही म्हणता, "कंपाउंडर ही काय शिवी न्हय रे." मी ताट पुढे ओढलं आणि जेवलो. तो दाखला अर्जाला जोडला नाही, अर्जच धाडला नाही. दाखला घडी घालून सर्जरीच्या पुस्तकात ठेवला आणि पुन्हा उघडला नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी तुमच्या पोटात पाणी झालं. काय आहे ते तुम्हांला कळत होतं आणि मला कळतंय हेही कळत होतं. तुम्ही गोव्यात पेडण्याला थोरल्या बहिणीकडे जायला निघालात. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणालात, "धा दिवसांत येतंय. तवसर साधां साधां बघ. बाकीच्यांक सावंतवाडी दाखय." तुम्ही गेलात आणि हद्द बंद झाली. पलीकडे पोर्तुगीज, अलीकडे आपण, मधे बंदुका. पत्र जाईना, माणूस जाईना. एके दिवशी एक होडीवाला आला. समुद्रात पलीकडच्या होडीशी त्याची गाठ पडली होती. पायरीवर उभं राहूनच त्यानं सांगितलं, "तुमचे डॉक्टर सरले." मी विचारलं, कधी? "धा-बारा दिस झाले आसतले." त्याहून नेमकं त्याला माहीत नव्हतं. मी आत आलो. बाकावर एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "काय झाला रे? डॉक्टर खंय?" मी म्हटलं, "बहिणीकडे आसत."

दिवेलागणीला साऱ्या वाडीला कळलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं आली, रोजच्यासारखी बाकावर बसली, आणि कुणी काही विचारलं नाही. मी बाटल्या काढल्या. ठाऊक नव्हतं ते फक्त मुंबईच्या रजिस्टराला, कारण तुमचं मरण दुसऱ्या राज्याच्या वहीत लिहिलं गेलं होतं.

पहिली विचारणा सात-आठ महिन्यांनी आली. मी विचार केला: प्रश्न दोन आहेत. पत्ता तोच आहे का? दवाखाना आहे तिथंच आहे, तर पत्ता तोच. तेवढं लिहिलं. व्यवसाय चालू आहे का, ही जागा कोरी ठेवली. खोटं लिहिलं नाही म्हणून मला बरंही वाटलं. दीड महिन्यानं कागद परत आला, कोऱ्या जागेभोवती लाल पेन्सिलीचा गोल. त्यात मी 'होय' लिहिलं आणि खाली तुमची सही केली. मधे आणखी एकदा आला. तेव्हा काहीच कोरं ठेवलं नाही. दवाखाना चालावा, वाडीला दुसरं आहे कोण, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खरंही आहे. पण तो कागद आला की मला चार दिवस बरं जायचं, हेही खरं आहे. कुणीतरी तिकडे मुंबईत तुम्हांला विचारत होतं, आणि मी आतून ओ देत होतो.

गेल्या महिन्यात आतल्या गावातून बैलगाडीत घालून एक माणूस आणला. तिशीचा, अंगानं धडधाकट, गुडघे पोटाशी घेतलेला. बायको गाडीतून उतरायच्या आधीच बोलायला लागली. "जत्रेत वाटाणे खाल्ल्यानी, वायू धरलो. एरंडेल देवा, मोकळे होतले." मी विचारलं, दुखायला कुठं लागलं? बेंबीशी. आता कुठं? उजवीकडे, खाली. तिथं हात दाबला तेव्हा तो कण्हला. हात सोडला तेव्हा ओरडला. सर्जरीचं पुस्तक, पान चारशे नव्वद, डाव्या बाजूला: अपेंडिक्स. मी म्हटलं, "एरंडेल दिलंय तर आतडा फुटतला. सावंतवाडी न्हेवा. आत्ताची एस्टी धरा." ती बाई भडकली. "एवढी वाट तुडवन इलंव ती चिठी घेवक? डॉक्टर आसते तर दिले असते!" मी म्हटलं, "डॉक्टर आसते तर तुमच्या तोंडात बोळो घातल्यानी असतो. गप गाडयेत बसा." चिठ्ठी इंग्रजीत लिहिली, कधीपासून, कुठे, नाडी किती, ताप किती, जुलाब दिलेला नाही. खाली तुमची सही.

सहाव्या दिवशी तिथल्या सर्जनचं पत्र आलं. माणूस वाचला, निदान अचूक होतं, जुलाब दिला नाहीत म्हणून तो वाचला, इतकी नेटकी चिठ्ठी फार दिवसांत पाहिली नव्हती, एकदा गाठ पडावी. मी ते चार वेळा वाचलं. असं एक पत्र मला आयुष्यभर हवं होतं डॉक्टर, आणि आलं ते तुमच्या नावानं. दाखवायचं कुणाला? दाखवावं असं एकच माणूस होतं. मग मी चूल पेटवली, पेज टाकली, आणि तिच्याकडे बघत असताना तुमचं ते वाक्य उलटं होऊन समोर आलं. तो माणूस मेला असता तर? मी चुकलो असतो तर चूक पडली कुणाच्या नावावर? तुमच्या. आणि तुमच्या गळ्यात आता कुठली दोरी? म्हणजे ती चूक कुणावरच पडली नसती. आठ वर्षं मी लोकांना सुया टोचतोय, टाके घालतोय, आणि त्या कुणाच्याच मागे कुणी उभं नाही. तुम्ही तीन ओळींत काय नाकारलंत ते मला त्या दिवशी कळलं. राग गेला असं म्हणत नाही. कळलं एवढंच.

त्या छापील कागदाच्या तळाशी एक बारीक ओळ आहे. आजवर दर वेळी तिच्यावर अंगठा ठेवून मी वरचं भरलं. नोंदलेली व्यक्ती हयात नसल्यास मृत्यूची तारीख, कळवणाऱ्याची सही, मृताशी संबंध. आज अंगठा काढला. तारखेपाशीच अडलो. अर्धा ग्रेन डोळ्यांनी ओळखणाऱ्या माणसाला तुमची तारीख माहीत नाही. हद्द उघडली, आता पेडण्याला एस्टी जाते, वाडीतली माणसं बाजाराला जाऊन येतात. मी गेलो नाही. उद्या पहिल्या गाडीनं जातो. बहीण असली तर तिला विचारीन, नाहीतर तिथली वही बघीन. दारावर खडूनं 'बंद' लिहिलंय. परत आल्यावर पाटी उतरवीन. नंतर काय, ते खरंच माहीत नाही. रजिस्टरवाले विचारतील, मागची उत्तरं कुणी लिहिली. विचारलं तर सांगेन.

संबंधाच्या जागेवर मी बराच वेळ टाक धरून बसलो. शिष्य लिहिलं असतं तर तुम्ही हसला असता. नातेवाईक नाही. शेजारी नाही. मग सर्जरीचं पुस्तक काढलं, घडी उलगडली, आणि तुमच्या तीन ओळींतला तो शब्द बघून बघून तसाच लिहिला. कंपाउंडर.

हे पत्र आता त्या दाखल्याबरोबर त्याच पुस्तकात जाईल. एक मात्र सांगून टाकतो. छापील कागदावर खाली माझी सही करायला टाक टेकवला आणि हात आपोआप तुमच्या पहिल्या अक्षराच्या वळणाला लागला. दोन बाटल्यांच्या पट्ट्या उलट करून मी माझी सही गिरवून बघितली. पाचवी जरा जमली. ती कागदावर केली आहे, आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसलो आहे.